लिम अंकलचं निदान

प्रेमलाच्या आठ वर्षं जुन्या गाडीतून घरघर ऐकू येत होती. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, "गिअरबॉक्स बदलावा लागेल. नऊ हजार डॉलर." त्यापेक्षा गाडीच मोडीत काढलेली बरी, असं तिला वाटलं. तरी शेवटचा उपाय म्हणून ती वुडलँड्सला लिम अंकलच्या गॅरेजमध्ये गेली.

सत्तरीच्या अंकलनी खुणेनेच इंजिन चालू करायला लावलं. बॉनेट उघडून त्यांनी एका लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली, टोक इंजिनाला टेकवलं आणि डोळे मिटले. एकेका भागावर टोक टेकवत ते एका पुलीपाशी थांबले. तिचं बेअरिंग बदललं, तशी घरघर थांबली. खर्च फक्त नव्वद डॉलर.

"अंकल, नुसत्या आवाजावरून ओळखलंत?" प्रेमलाने थक्क होऊन विचारलं. ते पाठमोरे होऊन हात पुसत राहिले.

बिल लिहिणारी त्यांची मुलगी हसली. "पप्पांना ऐकू येत नाही लाह," ती तिथल्या बोलीच्या लकबीत म्हणाली. "जन्मापासूनच."

प्रेमला त्यांच्याकडे बघतच राहिली. मग चालू गाडीच्या बॉनेटवर तिने हलकेच तळहात टेकवला आणि डोळे मिटून घेतले.