ग्लासाखालचा भुंगेरा

उपड्या ग्लासाखाली भुंगेरा फिरत होता आणि एव्हरेट वाकून त्याच्या मिशा न्याहाळत होता. लांब मिशा, अंगापेक्षाही लांब. पेंडीच्या दुकानातल्या सरकारी चित्रात अशाच मिशा होत्या. परदेशातून आलेला, मेपलच्या मुळावर उठलेला भुंगेरा. तो ज्याच्या रानात सापडेल, तिथली मेपलची झाडं सरकार तोडून त्यांचा भुगा करतं. मेपलच्या पाकावर जगणाऱ्या अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये याहून मोठं भय नाही.

एव्हरेटची चारशे झाडं होती. पाच पिढ्या त्यांच्याच रसाचा पाक आटवत आल्या होत्या.

"मी सरकारी कचेरीत फोन केलाय," विनी म्हणाली. "तपासायला एक बाई उद्या सकाळी येतेय."

"नवऱ्याला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं, तर तू तो भुंगेरा गिळून मोकळा झाला असतास."

एव्हरेटला हसू आलं नाही. भुंगेरा म्हातारीवर सापडला होता. म्हातारी म्हणजे टेकडीवरचं सगळ्यांत जुनं मेपल. दर मार्चमध्ये रसासाठी पहिलं भोक तिलाच पाडायचं आणि पहिला घोट घरातल्या सगळ्यांनी तिच्यापाशी उभं राहून प्यायचा, ही घरची रीत. तिच्या एका फांदीवर त्याला बारीक भोकं दिसली होती. भुंगेरा कुठूनही उडत आला म्हणता आलं असतं; पण ती भोकं बाईच्या नजरेला पडली की सगळं संपलंच.

त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. एक गेली तर चारशे वाचतील, एवढंच डोक्यात घोळत होतं. उजाडताच तो यांत्रिक करवत घेऊन टेकडी चढला. विनीला वाटलं, सरपण करतोय; काळजी लागली की तो तेच करायचा. म्हातारी आडवी झाली. भोकांची फांदी त्यानं जाळून टाकली.

नऊ वाजता बाई आली. डेना नाव, पोरगेलीच होती. रस आटवायच्या खोपटात शिरून तिनं ग्लासात डोकावलं आणि खुदकन हसली.

"हा होय? अहो, हा तर आपल्याच रानातला! तो परदेशी चांगला बोटाच्या पेराएवढा असतो, हा गव्हाच्या दाण्याएवढा. हा नुसत्या वाळक्या काड्या खातो. जित्या झाडाला काही करत नाही."

"देवा!" म्हणत विनी मटकन बाकावर बसली.

"फार कमी लोकांना दिसतो हा," डेनानं ग्लास उचलला. "कुठल्या झाडावर मिळाला? जपा हं त्या झाडाला."

भुंगेरा उडाला. खोपटात एक गिरकी घेऊन तो एव्हरेटच्या बाहीवर उतरला, करवतीच्या ताज्या भुशात.