भट्टीत जाण्याआधी

सरदारांच्या मेजवानीसाठी चिनी मातीच्या नाचऱ्या गवळणी घडवणारा कोर्बिनियन लेकीला पुरून आला आणि तिचा हात घडवायला बसला. झाल्यावर त्याने बायकोला कारखान्यात बोलावून घेतलं.

वाल्पुर्गा येताना लेकीचा, आफ्राचा, लोकरी हातमोजा घेऊन आली. मातीच्या हातावर करंगळीचं कुरतडलेलं नखसुद्धा होतं. तिने मोजा त्यावर धरून पाहिला. बोटं बाहेर आली.

"राजवाड्यातल्या कुत्र्यांचे कान बिनचूक घडवता," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या पोरीचा हात विसरलात?"

"विसरलो नाही गं. ही माती भट्टीत आक्रसते, म्हणून मुद्दाम मोठा केलाय. भाजून निघाला की मोजा बरोबर बसेल. अगदी तिचाच हात, कायमचा."

वाल्पुर्गाने मातीची ती गार बोटं आपल्या तळहातावर घेतली. बाहेर माणसं भट्टीशी लाकडं रचत होती.

"दे इकडे," कोर्बिनियन म्हणाला. "भट्टी भरायला घेतलीय."

तिने हात छातीशी धरला. "नका घालू भट्टीत."

"अगं, कच्चा राहिला तर टिकायचा नाही. एक दिवस फुटेल."

"फुटू दे. तोवर एवढी तरी मोठी होऊ द्या तिला."