गळपट्टी न लावलेला आवाज

"मॅडम, तुमची गळपट्टी बिघडलीय का? आवाज थरथरतोय म्हणून विचारलं."

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून कृत्तिकाने भर सभागृहात हे विचारलं. तिची स्वतःची पट्टी सुरू होती, त्यामुळे प्रश्न बातम्या वाचल्यासारखा गुळगुळीत बाहेर पडला. गळ्याला लावायची ही पट्टी आवाजातली भीती गाळून टाकते. तिच्याशिवाय कृत्तिकाने चारचौघांत कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि शनिवारी तर शाळेच्या मेळाव्यात तिला तिच्या रोबोविषयी बोलायचं होतं.

पुराचा अंदाज सांगणारं यंत्र बनवणाऱ्या आणि आज त्यावर व्याख्यान द्यायला आलेल्या मुजावर मॅडम हसल्या. "बिघडली नाही गं, लावलीच नाही. माझं यंत्र एकदा चुकलं, ते सांगताना आवाज कापणारच. नाही कापला तर तुम्ही माझ्यावर विश्वास का ठेवावा?"

"पण भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून पहिलं वाक्य पाठ करून येते. पुढचं सुचत जातं. तू काढून बघ."

कृत्तिकाने पट्टी काढली. "माझा रोबो..." आवाज चिरकला. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. "माझा रोबो पाण्याच्या टाकीतलं शेवाळ खरवडतो. म्हणजे, अजून तरी नुसती टाकीच खरवडतो."

पेंगुळलेलं सभागृह खळखळून हसलं आणि तिच्याकडे वळलं.

"असं का होतं?" मॅडमनी मनापासून विचारलं. मग काय, कृत्तिका बोलतच सुटली.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच तिने जाहीर केलं, "आई, बाबा, शनिवारी मी माझ्याच आवाजात बोलणार आहे. फक्त पहिल्या रांगेत बसू नका. बाबा माझ्याआधी रडतील."