साथीची सवय

गायिकेचा घसा बसला होता. बसला म्हणजे पार बसला. औषधाने उठण्यातला नव्हता. बाहेर सभागृह भरलेलं, आणि आयोजक आता व्हायोलिनवालीपुढे हात जोडून उभा होता.

"ताई, तुम्ही एकट्याच वाजवा. आमची लाज तुमच्या हाती."

"अहो, मी साथीची बाई. एकटीनं कधी वाजवलं नाही."

खरंच होतं ते. विशी गाठायच्या आत ती रेडिओवर साथीच्या नोकरीला लागली. तिथे रोज नवा गवई. आज मुरलेला, तर उद्या माइक बघूनच पाणी पाणी झालेला. कार्यक्रम थेट जायचा, चुकलं तर पुसायची सोय नाही. पहिल्याच आठवड्यात तिथल्या वादकप्रमुखांनी तिला बजावलं होतं, "गाणाऱ्याच्या शब्दावर पाय देऊ नकोस, पोरी. आधी त्याचं होऊ दे, मग तू." ते तिच्या हातात भिनलं. त्याच जोरावर पुढे मोठमोठे गवई हट्टानं तिलाच साथीला मागत.

पडदा वर गेला. गायिका गाणार नाही म्हटल्यावर मागची माणसं उठू लागली. व्हायोलिनवालीने मान खाली घालून तारेवर गज टेकवला. पहिली ओळ वाजली आणि हात आपोआप थांबला. पुढची जागा गाणाऱ्याची होती.

ठेका चालूच होता. "जागा भरा की," तबलजी पुटपुटला.

तिने भरून पाहिलं. दुसऱ्याच्या ताटात हात घातल्यासारखं वाटलं. मग तिने तो नाद सोडला. एक ओळ वाजवायची, थांबायचं; गायिका इथे काय म्हणाली असती ते मनात ऐकायचं आणि त्याला जबाब द्यायचा. दारापर्यंत गेलेली माणसं तिथेच उभी राहिली. मग एकेक करून, आवाज न करता, खाली बसली.

मैफल संपल्यावर गळ्याला शाल गुंडाळलेली गायिका विंगेत तिची वाट बघत होती. तिने व्हायोलिनवालीचा हात धरला आणि फुटक्या आवाजात कुजबुजली, "आत बसून मी सगळं गायले गं."

त्यानंतर तिला एकटीला बोलावणी येऊ लागली. माणसं मंचाच्या मधोमध तिच्यासाठी बैठक घालून ठेवत. ती त्या बैठकीला वळसा घालून जाई, आणि बाजूला बसून व्हायोलिन सुरात लावायला घेई.