लिलावातलं घर

मालमत्ता कर थकला की नगर परिषद घर लिलावात काढते आणि ते स्वस्तात पडतं, हे कारंज्याचा रजत मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकला होता. पहिल्या गुंतवणुकीसाठी त्याने आर्वीतलं लक्ष्मणरावांचं घर हेरलं. बोली लावण्याआधी घर आतून पाहावं म्हणून रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून थेट त्यांच्याच दारात गेला.

लक्ष्मणराव अजिबात रागावले नाहीत. त्यांनी गच्चीपासून विहिरीपर्यंत सगळं हौसेनं दाखवलं, मग बैठकीत बसवून विचारलं, "शेती किती हाय? घरी कोण कोण असते?" तेवढ्यात त्यांची मुलगी रूपाली पोहे घेऊन आली, आणि भिंतींची ओल तपासायचं रजत साफ विसरला.

लिलाव झालाच नाही. होणाऱ्या सासऱ्याच्या घरावर बोली कशी लावणार? थकलेला सगळा कर रजतनेच भरला आणि दिवाळीनंतर लग्न उरकलं.

यंदा सासऱ्यांच्या दारावर पुन्हा लिलावाची नोटीस पाहून तो वैतागला. "मामाजी, औंदा बी कर काऊन नाई भरला?"

 

"धाकट्या पोरीसाठी स्थळ पाहून राह्यलो ना, जवाईबापू!"