बेपोची सरळ डोलकाठी

"बास झालं, बेपो! होडी कुरकुरतेय, ऐकू येत नाही का तुला?"

"तुला त्यातलं काय कळतंय? पाना घट्ट धर."

पेरिनाने पाना धरला. सकाळी सातपासून हेच चाललं होतं. डोलकाठीला दोन्ही अंगांनी आवळून धरणाऱ्या तारांचे जुने गंजके पेच काढून बेपोने आठच्या आठ नवेकोरे बसवले होते. आता तार ताणायला त्याने खालून पेच पिळायचा आणि तिने वरचं टोक पान्याने धरून ठेवायचं, म्हणजे तारेला पीळ बसत नाही. मग तो धक्क्यावर उतरणार, एक डोळा मिटून वर बघणार आणि म्हणणार, "किंचित डावीकडे कलतेय." की पुन्हा पहिल्यापासून! उद्या संत रोकोच्या सणाची, शिडाच्या होड्यांची शर्यत होती. गेली सात वर्षं शेजारच्या होडीतला श्पिरो त्याला हरवत आला होता, आणि सातही वर्षं चूक डोलकाठीची होती. बेपोची कशी असेल!

"दुकानदाराने काय सांगितलं होतं? हाताने घट्ट करा, वर दोन फेरे द्या, बास. तू किती दिलेस?"

"दुकानदार शर्यतीत उतरतो का?"

पेरिनाने पाना आदळला आणि खाली संडासात जाऊन दार लावून घेतलं. कपाटाएवढी जागा, पण निदान तिथे बेपो नव्हता.

वर बेपोने पाना गुडघ्याने दाबून धरला आणि दोन्हीकडे आणखी दोन-दोन फेरे दिले. धक्क्यावर जाऊन पाहिलं. डोलकाठी सुतासारखी सरळ!

"श्पिरो, ये, बघून जा!" तो ओरडला. "उद्या पाठच बघायचीय तुला माझी!"

तेवढ्यात खालून दार बडवल्याचा आवाज आला. दार उघडेना. तारा इतक्या ताणल्या होत्या की सबंध होडीच वाकली होती, आणि दाराची चौकट तिरपी होऊन दार तिच्यात गच्च अडकलं होतं.

"सैल कर त्या तारा," आतून पेरिना.

"अगं, आत्ता कुठे जमलंय! जरा खांदा लावून बघ ना."

तिने खांदा लावला. दार हललं नाही.

बेपोने संडासाच्या छतावरच्या छोट्याशा झडपेतून डोकं आत घातलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, पाणी देतो, पाव देतो, खारवलेली सार्डिन मासळी देतो. उशीसुद्धा देतो. उद्या दुपारी एकपर्यंत शर्यत संपेलच."

आपल्या होडीत श्पिरो पोट धरून हसायला लागला.

"बेपो," पेरिना म्हणाली. अगदी हळू. हा आवाज त्याने लग्नानंतर दोनदाच ऐकला होता. त्याने मुकाट्याने पाना उचलला.

पण जीव कुठे होतोय सोडायला! डावीकडचा पेच त्याने जेमतेम अर्धा फेरा ढिला केला आणि झडपेशी येऊन विचारलं, "उघडलं?"

"नाही."

उजवीकडचा अर्धा. "आता?"

"नाही."

घामाने भिजून तो या तारेकडून त्या तारेकडे जात राहिला. डोलकाठी हळूहळू डावीकडे कलायला लागली. श्पिरो आता हसत नव्हता, त्यालाही बघवेना.

आत 'खट्' झालं. दार आपणहून बोटभर उघडलं. पेरिना उठली, तिने कडीला हात घातला.

"पेरिना," वरून बेपोचा आवाज आला, पार दमलेला. "तुला काय वाटतं गं? आणखी सोडू?"

तिचा हात तिथेच थांबला. लग्नाच्या एकतीस वर्षांत हे त्याने तिला पहिल्यांदा विचारलं होतं.

तिने दार अलगद ओढून घेतलं आणि पुन्हा खाली बसली.

"सोड की," ती म्हणाली. "आणि प्रत्येक फेऱ्याला विचार मला."