बुटाचा नंबर

"स्कीची एकच जोडी भाड्याने घेऊ. मी घसरतो, तू फोटो काढ. तेवढेच पैसे वाचतील," शिरीष चहात खारी बुडवत म्हणाला.

मालविकाच्या मस्तकात तिडीक गेली. औलीला जाऊन बर्फावर घसरायचं वेड तिचं. स्वस्तातली खोली तिने शोधली, नणंदेची जुनी जाकिटं मागून आणली, पायांत बळ यावं म्हणून रोज जिने चढली-उतरली. हा मात्र लिफ्टने वर यायचा! दर सहलीत काटकसर म्हणून घोड्यावर हाच बसायचा आणि ती खाली त्याची पिशवी सांभाळत उभी.

तेवढ्यात औलीच्या स्कीवाल्याचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"एकच जोडी हवी," ती म्हणाली. शिरीष खुशीत हसला.

"बुटाचा नंबर?"

"नऊ..." शिरीषने तोंड उघडलं.

"पाच!" मालविका कडाडली. "नऊ नंबरवाले फोटो काढणार आहेत."